नाक आलं, डोळे गेले: घरच्या मांजराचा जवळून फोटो काढताना नेमकं बिनसतं कुठे?

शेजारच्या काकींचा मन्या हा आमच्या वाडीतला सर्वांत देखणा बोका. हे काकींचं मत आहे आणि वेंगुर्ल्याच्या या बाजूला त्याला आव्हान द्यायची कोणाची टाप नाही. गेल्या श्रावणात त्यांनी फर्मान काढलं की मुंबईच्या सुनेला पाठवायला मन्याचा एक बरा फोटो हवा. मी कॅमेरा काढला, ५० मिलिमीटरची लेन्स लावली, मन्यापासून हातभर अंतरावर बसले आणि चाळीसेक फोटो मारले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. रात्री लॅपटॉपवर उघडले तेव्हा कळलं. नाकावरची ओल, मिशांच्या मुळाशी असलेले काळे ठिपके, सगळं मोजता येईल इतकं स्वच्छ. डोळे मात्र ताकात बुडवून काढल्यासारखे.

काकींनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक बरा इला गो. पण डोळे खंय गेले?"

हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि बहुतेकजण कॅमेऱ्याला किंवा मांजराला दोष देऊन मोकळे होतात. खरं तर दोघंही निर्दोष असतात. जवळून फोटो काढताना स्वच्छपणा विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. हा व्यवहार समजला की सेटिंगची बटणं कमी फिरवावी लागतात. कुठे बसायचं आणि जनावराला कुठे बसवायचं, याचाच विचार जास्त होतो.

एसटीची पाटी आणि किलकिले डोळे

चष्मा घरी विसरलेले आजोबा स्टँडवर एसटीची पाटी कशी वाचतात ते आठवा. डोळे बारीक करून. त्याने खरोखरच अक्षरं सुधारतात. पाटीवरच्या एका ठिपक्यातून निघालेला उजेड डोळ्यात शिरतो. तो पडद्यावर नेमका एका बिंदूत जमला तर ठिपका स्वच्छ दिसतो. नाही जमला तर त्याची पसरट टिकली होते आणि अशा टिकल्या एकमेकींवर चढल्या की अक्षर पुसट होतं. उजेड यायची वाटच अरुंद केली, तर टिकली लहान होते. आजोबा तेच करतात.

लेन्सच्या पोटातही पात्यांनी बनलेलं, लहानमोठं होणारं एक भोक असतं. त्याला अपर्चर म्हणतात. त्याचा आकडा उलटा वाटतो, कारण तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ १.८ लावलं म्हणजे ५० भागिले १.८, साधारण २८ मिलिमीटरचं भोक: दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एफ ८ लावलं की ५० भागिले ८, सहा मिलिमीटर: तुरीचा दाणा. आकडा मोठा तेव्हा भोक लहान, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जुन्या घरात याचा पुरावा जमिनीवरच पडलेला असतो. कौलांच्या फटी वाकड्यातिकड्या असतात, तरी त्यातून येणारे कवडसे गोल पडतात, कारण तो कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र असतं. लेन्सबिन्स काही नाही, नुसतं बारीक भोक. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळच्या ग्रहणात ते कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते.

घावन, आंबोळी आणि खापरोळी

कॅमेरा एका वेळी एकाच अंतरावर बरोबर जुळतो. त्या अंतराच्या थोडं पुढे आणि थोडं मागे जेवढा भाग डोळ्याला स्वच्छ वाटतो, त्या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. इथून पुढे मी त्याला 'काप' म्हणते. कॅमेऱ्यासमोर हवेत उभा धरलेला, आपल्याकडे सपाट तोंड केलेला एक काप. जे त्याच्या जाडीत सापडलं ते स्वच्छ, जे बाहेर राहिलं ते पुसट.

जाडी किती? घरोघरी असतात तसल्या, लेन्स बदलता येणाऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर (त्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा पडदा, एपीएस-सी नावाच्या मापाचा) ५० मिलिमीटरची लेन्स लावून अर्ध्या मीटरवरून, एफ १.८ ला फोटो काढला तर काप साधारण ६ ते ७ मिलिमीटरचा पडतो. म्हणजे आंबोळी. आणखी जवळ गेलात की पातळ घावन. एफ ८ ला तोच काप २९ मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे जाडजूड खापरोळीलाही मागे टाकतो.

आता मन्याचं तोंड. तो झोपलेला असताना मी पट्टी लावून मोजलं: नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत तीन सेंटिमीटरच्या वर. आमच्या काळूचं, म्हणजे गावठी कुत्र्याचं, नऊ. सहा-सात मिलिमीटरच्या कापात तीन सेंटिमीटरचं तोंड बसवायला निघाले होते मी. कॅमेऱ्याने सर्वांत पुढे दिसलेलं नाक पकडलं, डोळे मागे राहिले. यात कॅमेऱ्याचं काही चुकलं नाही.

"कापाचा एक हिस्सा पुढे आणि दोन हिस्से मागे पडतात" हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. इतक्या जवळून तो लागू पडत नाही, इथे पुढेमागे जवळपास निम्मा-निम्मा पडतो. म्हणजे एफ ८ ला डोळ्यावर जुळवलं तरी नाकाच्या वाट्याला जेमतेम दीड सेंटिमीटर येतो. आणि आपण उकिडवे बसलेले असतो, श्वासागणिक सेंटिमीटरभर पुढेमागे डुलत. मांजर पुतळ्यासारखं बसलं तरी आपण कुठे पुतळे असतो?

मग भोक कायमचं बारीकच ठेवलं तर?

पहिली शंका हीच येते. ठेवता येईल, फक्त बिल भरायची तयारी हवी. एफ १.८ वरून एफ ८ वर गेलं की आत येणारा उजेड विसाव्या हिश्शावर येतो. तो भरून काढायचे दोन मार्ग. उजेड जास्त वेळ आत येऊ द्यायचा (शटर स्पीड) किंवा आलेल्या कमी उजेडाचा आवाज वाढवायचा (आयएसओ).

पहिला मार्ग जनावरांपुढे टिकत नाही. शांत बसलेल्या मांजराचेही कान फिरतात, मिशा हलतात. सेकंदाच्या २५० व्या हिश्शाहून हळू गेलं की काहीतरी फरफटलेलं दिसतंच. दुसरा मार्ग म्हणजे डबलबारीच्या भजनातला ॲम्प्लिफायर. बुवांचा आवाज बसला असेल तर तो वाढवता येतो, पण त्यासोबत खरखरही वाढते. फोटोत ती खरखर रवाळ दाण्यांसारखी दिसते आणि बारीक केसांवर सर्वांत आधी उमटते.

थोडे आकडे बघू. एफ ८ आणि २५० वा हिस्सा हे कायम धरलं. ढगाळ दिवशी उघड्या खळ्यात (आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात) दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. लक्स हे उजेडाचं माप. तिथे आयएसओ ४०० पुरतो. पडवीच्या कडेला दोन हजार लक्स धरले तर आयएसओ २०००. आणि माजघरात, ट्यूबखाली, शंभर लक्स? चाळीस हजार. साध्या कॅमेऱ्यात चाळीस हजारला मांजराचा फोटो काढलात तर तो रव्याच्या लाडवाचा दिसेल.

खळं ते माजघर अंतर वीस पावलं, उजेडात फरक शंभर पट. आपल्याला तो जाणवत नाही कारण डोळे लगेच सरावतात. कॅमेरा सरावत नाही.

भोक फार बारीक करण्यात आणखी एक गोम आहे. एफ १६ च्या पुढे उजेड भोकाच्या कडेवरून वळून पसरायला लागतो आणि अख्खा फोटोच किंचित मऊ पडतो. म्हणजे उजेडही गेला आणि स्वच्छपणाही.

फुकटात मिळणारी जाडी

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे ढुंगण उचलून अर्धा मीटर मागे सरकणं. कापाची जाडी अंतराच्या वर्गाने वाढते. अर्ध्या मीटरवर साडेसहा मिलिमीटर असलेला काप, भोक तेच ठेवून, एक मीटरवर २७ मिलिमीटर होतो. उजेडाचा एक पैसा न देता.

"पण मग मांजर लहान दिसेल!" दिसेल. नंतर कडा कापायच्या. मोठं करून पाहिल्यावर पुसटपणाही मोठा होतो, त्यामुळे चौपटीतले खरे हाती लागतात दुप्पट. तेवढीच दुप्पट जाडी भोक बारीक करून मिळवायची तर चौपट उजेड मोजावा लागला असता. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. सुनेच्या व्हॉट्सॲपला ते पुरतात आणि भिंतीवरच्या आठ बाय सहा इंची फ्रेमलाही.

दुसरा फुकटचा उपाय याहून जुना. काप जाड करता येत नसेल तर तोंड कापात बसेल असं फिरवा. काप सपाट आहे, कॅमेऱ्याला समांतर आहे. मन्या सरळ आपल्याकडे बघत असेल तर नाक, डोळे आणि कान एकामागे एक तीन वेगळ्या अंतरांवर येतात. त्याने बाजूला पाहिलं की नाक, डोळा, कान जवळपास एकाच अंतरावर. मग आंबोळीएवढा कापसुद्धा भरपूर होतो. नाण्यांवरची माणसं अशीच कडेने दिसतात, तिथेही खोलीची टंचाईच असते.

सरळ समोरूनच हवा असेल तर एक डोळा तरी पक्का धरा, जो जवळचा असेल तो. आपणही जमिनीवर बसा, मांजराच्या डोळ्यांच्या उंचीला. डोळे स्वच्छ असले तर नाक थोडं विरघळलेलं चालतं. उलटं चालत नाही, काकींचा अनुभव सांगितलाच.

जाता जाता: मांजर स्वतः हाच हिशेब डोळ्यात घेऊन फिरतं. त्याची बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी होते, म्हणजे आडवी अरुंद आणि उभी लांब. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले दृष्टिशास्त्रज्ञ मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलं की त्यामुळे उभ्या रेषा पुढेमागे असल्या तरी स्वच्छ राहतात आणि आडव्या रेषा अंतरानुसार पुसट होतात. जमिनीलगत दबा धरून बसणाऱ्याला उडी किती लांब मारायची हे ठरवायला दोन्ही उपयोगी. एकाच डोळ्यात तूर आणि नाणं.

उजेड किती हे झालं, कसा ते राहिलं

पागोळ्यांखाली पावसाळाभर पाणी पडून खळ्यात ओळीने खळगे पडतात. तेवढंच पाणी रिपरिप पडलं तर जमीन नुसती सारखी भिजते. उजेडाचंही तसंच. सूर्य प्रचंड असला तरी आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका आहे. एकाच दिशेने येणारा उजेड: कडक सावल्या, नाकावर पांढरा चटका, भुवईखाली अंधार. ढग आले की तोच उजेड अख्ख्या आकाशभर पसरतो आणि रिपरिपीसारखा सगळीकडून येतो. मोठ्या पृष्ठभागावरून आलेला तो मऊ, लहान ठिपक्यावरून आलेला तो कडक. उजेड देणारी वस्तू खरोखर किती मोठी आहे याला अर्थ नाही, मांजराच्या जागेवरून ती किती मोठी दिसते याला आहे.

म्हणून भर मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता समुद्रावर कुत्र्याचे फोटो काढणाऱ्यांची मला कीव येते. उजेड भरपूर, पण पागोळीचा. तीच वाळू संध्याकाळी कामाची: फिकट वाळूवरून उजेड उलटून हनुवटीखाली जातो. जांभ्याच्या तांबड्या मातीवरून उलटलेला मात्र पांढऱ्या मांजराचं पोट विटकरी करून टाकतो.

कोकणातल्या घराने यावर उपाय करून ठेवला आहे, त्याचं नाव पडवी. वरून छप्पर, एका बाजूने मोकळं आकाश. जनावर पडवीच्या कडेला, तोंड बाहेरच्या बाजूला वळलेलं, आणि आपण त्याच्या काटकोनात. उजेड एका बाजूने सरपटत येतो, त्यामुळे केसन् केस वेगळा दिसतो. सावलीची बाजू फार काळी झाली तर तिथे धुतलेला पांढरा पंचा धरायचा. मी थर्मोकोल वापरते. २०१८ च्या बंदीआधीच्या मखराचा तुकडा माळ्यावर होता, बाप्पांनी सोडलेला वारसा.

पडवीत आणखी एक गोष्ट मिळते. डोळ्यात बाहेरच्या आकाशाचा पांढरा ठिपका उमटतो. तो नसला की सर्वांत खोडकर बोक्याचे डोळेसुद्धा रिठ्याच्या बियांसारखे दिसतात, काळे आणि निर्जीव.

फ्लॅश मारला की प्रश्न मिटला ना?

उजेडाचा मिटतो, बाकीचे सुरू होतात. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. रात्री गाडीच्या दिव्यात डोळे चमकतात ते त्यामुळे. लेन्सच्या अगदी शेजारून फ्लॅश मारला की तोच उजेड सरळ परत येतो आणि घरचं मांजर भुताच्या गोष्टीतलं होतं. शिवाय फ्लॅश म्हणजे लहान ठिपका, म्हणजे पुन्हा पागोळी. आणि जनावर दचकतं ते वेगळं, एकदा दचकलं की त्या दिवशीचं काम संपलं.

जाणकार सांगतात, फ्लॅश छताकडे वळवा म्हणजे छतच मोठा दिवा होईल. त्यांच्या घरी पांढरा स्लॅब असावा. आमच्याकडे वर वासे, रिपा आणि काळपट कौलं, तिथे गेलेला उजेड परत येत नाही. मग मी भिंतीकडे वळवला. आमच्या पडवीची भिंत निळी आहे. त्या दिवशीचा मन्या कृष्णावतारात निघाला. भिंत पांढरी असेल तरच हा उद्योग करा.

ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली अजून एक खोडा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. २५० व्या हिश्शाला फोटो घेतला की कधी फोटो काळा येतो, कधी त्यावर आडवे पट्टे. १०० व्या हिश्शाला पट्टे जातात, पण मिशा फरफटतात. दिवसा पडवीत बसा हे मी उगीच सांगत नाही.

"माझा मोबाईल हे सगळं आपोआप करतो"

अर्धं खरं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर एफ १.८ लिहिलेलं असतं, पण त्याची लेन्स इतकी आखूड की खरं भोक मुगाच्या दाण्याएवढं. त्यामुळे काप आपसूक जाड पडतो आणि मांजराचं तोंड बरंचसं स्वच्छ येतं. मोठ्या सेन्सरच्या महागड्या फोनना मात्र दीड-दोन टिचभर अंतराच्या आत जुळताच येत नाही. जवळ नेलं की ते गुपचूप दुसऱ्या, रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि चित्र एकदम कमी प्रतीचं होतं. स्क्रीनवर चित्र टुणकन हललं तर समजा उडी मारली. थोडं मागे जाऊन झूम करा.

मागची पार्श्वभूमी पुसट करणारा पोर्ट्रेट मोड आयफोन ७ प्लसमध्ये २०१६ ला आला आणि आता सगळ्यांकडे आहे. तो पुसटपणा भोकाने केलेला नसतो. कुठली वस्तू किती लांब याचा फोन अंदाज बांधतो आणि मागचं रंगवून टाकतो. माणसाच्या चेहऱ्याला ठीक. मिशी म्हणजे हवेत तरंगणारी केसभर रेघ, ती तोंडाची की पार्श्वभूमीची, फोनला ठरवता येत नाही. म्हणून बोके मिशा कापल्यासारखे येतात. मांजरासाठी हा मोड बंदच ठेवा.

नव्या कॅमेऱ्यांत जनावराचा डोळा शोधणारं फोकस असतं, सोनीने ते २०१९ मध्ये आणलं. उपयोगी आहे. पण ते काप डोळ्यावर नेऊन ठेवतं, जाड करत नाही.

काळा काळू राखाडी का येतो?

कॅमेरा समजतो की समोरचं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. फ्रेमभर काळं कुत्रं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळवून काळूला राखाडी करतो. पांढऱ्या मांजराला उलट मळकं करतो. एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ यावा याची, खूण काळ्यासाठी उणे एकवर, पांढऱ्यासाठी अधिक एकवर न्या. मोबाईलवर बोट दाबून धरलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली-वर सरकवा. काळ्या कुत्र्याला पडवीचा बाजूचा उजेड सर्वांत जास्त लागतो, नाहीतर फोटोत नुसतं डोळे असलेलं भोक दिसतं.

आणि कीटकांचे फोटो काढणारे?

ते वीस फोटो वेगवेगळ्या अंतरावर जुळवून घेतात आणि स्वच्छ भाग जोडून एक करतात. मेलेल्या भुंग्याला जमतं. झोपलेल्या मन्यावर मी करून पाहिलं. प्रत्येक श्वासाला त्याचं पोट वर आणि केस इकडेतिकडे, जोडलेल्या फोटोत त्याला दोन कातडी आल्या. जिवंत जनावराला एकाच फटक्यात पकडावं लागतं.

भाद्रपद लागता लागता पाऊस उघडला, आकाश अजून पांढरं होतं. पडवीच्या कडेला पाट ठेवला, पाटावर काकींची जुनी लुगडी, लुगड्यावर मन्या. मी मीटरभर लांब जमिनीवर, काटकोनात. एफ ५.६, २५० वा हिस्सा, आयएसओ १०००. काकी खळ्यात बांगड्याची डोकी घेऊन उभ्या होत्या, त्यामुळे मन्याने बाहेर बघण्याची वेगळी सोय करावी लागली नाही. सलग बारा फोटो. डोळा स्वच्छ, त्यात खळ्याएवढं आकाश, मिशा मुळापासून टोकापर्यंत, कानातले केससुद्धा.

काकींनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, लहान केला.

"आता एकच डोळो दिसता मगो," त्या म्हणाल्या. "दुसरो खंय ठेयलंस?"